तळ्याच्या तळावर घर

रिंगबांधावर सायकल थांबवून उभं राहिलं की एका हाताला कालवा असतो आणि दुसऱ्या हाताला शिवार. कालव्याचं पाणी पायांच्या अगदी जवळ, हातभर खाली. शिवार मात्र तीन-साडेतीन मीटर खोल. उन्हाळ्यात कालव्यातून एखादी होडी जाते तेव्हा होडीतली माणसं खालच्या कुरणातल्या गायींच्या पाठींपेक्षा उंचावरून पुढे सरकत असतात. नेदरलँड्सचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे आपण सगळेच शाळेत भूगोलात पाठ करतो. पण ते पाठ करणं वेगळं आणि त्या खालच्या जमिनीचा एक तुकडा कर्ज काढून स्वतःच्या नावावर करून घेणं वेगळं.

हा मुलूख बेमस्टर. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर. १६१२ पर्यंत इथे जमीन नव्हती, मोठं थोरलं तळं होतं. आम्ही घर घेतलं ते गाव, मिडनबेमस्टर, त्या तळ्याच्या साधारण मधोमध वसलेलं आहे. मिडनवेख आणि राइपरवेख हे दोन सरळसोट रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे सतराव्या शतकातलं चर्च, चर्चभोवती जुनी घरं, आणि मग चारी दिशांना सपाट हिरवी शेतं. सगळा बेमस्टर धरला तरी लोकवस्ती दहा हजारांच्या आसपास.

त्याआधी आम्ही आम्स्टेलवेनला भाड्याने राहत होतो. तिथे कसलीच उणीव नव्हती. कढीपत्ता कोपऱ्यावर मिळे, गणपतीत आरतीला घर भरून जाई, मुलीच्या वर्गात आणखी मराठी मुलं होती. पण भाड्याचं घर सोडून विकतचं बघायला लागल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे भाव. २०२४ मध्ये या देशात विकल्या गेलेल्या घरांची सरासरी किंमत साडेचार लाख युरोंच्या पुढे होती, आणि ॲमस्टरडॅमच्या आसपास सरासरीला कोण विचारतो. दुसरी गोष्ट आईने फोनवर विचारली म्हणून समजली. घरांचे फोटो पाठवले की खोल्या किती, स्वयंपाकघर केवढं, हे ती कधीच विचारत नसे. तिचा प्रश्न एकच असे. "खालची जमीन आपली ना?"

ॲमस्टरडॅममध्ये पुष्कळ घरांची खालची जमीन घरमालकाची नसते. ती महापालिकेची असते आणि १८९६ पासून चालत आलेल्या पद्धतीने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळते. आर्थिकदृष्ट्या त्यात गैर काही नाही. शहराच्या जमिनीचं मोल वाढलं तर त्याचा वाटा शहराला मिळावा, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. पण आईला ते पटण्यासारखं नव्हतं, आणि ती का अडून बसते हे मला पक्कं माहीत होतं.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. ते गाव उजनी धरणात गेलं. १९८० मध्ये धरण पुरं झालं, त्याच्या आगेमागेच तिचं लग्न झालं होतं. पाणी चढणार हे ठरल्यावर आजोबांनी वाड्याच्या तुळया उतरवल्या, सागवानी चौकट उखडून बैलगाडीत घातली आणि वरच्या माळावरच्या नव्या गावठाणात नेऊन बसवली. भिंती, विहीर, नदीकाठची काळी जमीन मागे राहिली. आजही उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, लोक गाड्या करून बघायला येतात, फोटो काढतात. माझे मामा त्या दिवसांत देवळाकडे फिरकत नाहीत. ते गाळपेरीच्या मागे असतात. पाणी मागे सरलं की तळाचा गाळ उघडा पडतो, आणि पुन्हा पाणी चढेपर्यंत जे पीक हाती लागेल ते त्यात घ्यायचं. आपल्याच बुडालेल्या जमिनीवर चार महिने शेती करायची आणि पावसाळ्यात ती परत पाण्याच्या हवाली करायची. हे मामा वर्षानुवर्षं करत आले. तक्रार केल्याचं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. उजनीच्या पाण्याने सोलापूरकडची कित्येक शिवारं भिजली, हे तेही जाणतात.

अशा घरातला मी, आणि घर घ्यायला निघालो ते पाण्यातून काढलेल्या जमिनीवर. बायकोला गाव पहिल्याच फेरीत आवडलं होतं. मला मात्र त्या बांधावरून खाली उतरताना, दर वेळी, पोटात काहीतरी हलायचं.

घर १९७० च्या दशकातलं, एका ओळीत बांधलेल्या घरांपैकी. पिवळट विटा, मोठ्या काचा, वर तीन खोल्या, मागे लांबट परस आणि परसाच्या टोकाला पाण्याची चारी. घर विकणारं जोडपं सत्तरी ओलांडलेलं. जिने चढवेनात म्हणून पुर्मरेंडला लिफ्टच्या इमारतीत निघालेलं. इथे विकणारा काय ठेवणार आणि काय नेणार याची छापील यादी असते आणि ती कराराला जोडतात. पडदे, दिवे, बागेतलं लाकडी खोपटं, अगदी टपालपेटीसुद्धा, प्रत्येकापुढे खूण. त्या यादीत जमिनीवरच्या लाकडी पट्ट्यांचीही ओळ होती. इथे घर सोडताना माणसं पायाखालची फरशीही उचलून नेऊ शकतात. यांनी ठेवली. आजीबाई म्हणाल्या, "ती या खोल्यांच्या मापाने कापलेली आहे, दुसरीकडे नेऊन काय करू?" आजोबांनी बैलगाडीत घातलेली चौकट मला त्या वेळी आठवली. नव्या घराचं दार तिच्यापेक्षा बुटकं होतं म्हणून त्यांनी भिंतीची उंची वाढवून घेतली होती.

घर तपासायला आम्ही एक जाणकार नेमला होता. त्याने छप्पर पाहिलं, खिडक्यांच्या लाकडात टोच्या खुपसून पाहिला, आणि शेवटी पुढच्या दाराशी येऊन पायपुसणं बाजूला केलं. खाली चौकोनी झाकण होतं. ते उचलल्यावर घराच्या पोटातला अंधार दिसला. घराची जमीन आणि खरी जमीन यांच्यात माणूस पोटावर सरपटत जाईल एवढीच पोकळी. त्याने विजेरी लावली आणि मला वाकून बघायला सांगितलं. ओली वाळू, दोन नळ, भिंतीच्या कडेला ओलीची एक सरळ रेघ. गारवा वर आला, त्याला मातीचा वास होता, कुजका नव्हता. "रेघ सरळ आहे ना, म्हणजे पाणी एका पातळीला राहतंय," तो म्हणाला. "वरखाली होत असतं तर चिंता होती."

मग त्याने जे समजावलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. हे घर काँक्रीटच्या खांबांवर उभं आहे आणि बेमस्टरचा तळ समुद्री चिकणमातीचा आहे, म्हणून निर्धास्त राहा, असं तो म्हणाला. पण या देशातली लाखो जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. ते लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेलं असतं तोवर शतकानुशतकं टिकतं. जमिनीतलं पाणी खाली गेलं, खांबांच्या डोक्यांना हवा लागली, की ती सडायला लागतात आणि घर एका बाजूला कलतं. पाणी वर आलं तर घरात शिरणार आणि खाली गेलं तर घर खचणार. त्या दोन्हींच्या मधली एक रेघ सांभाळली जाते तोवर घर उभं. ती रेघ सांभाळणं घरमालकाच्या एकट्याच्या हातात नाही, कितीही पैसे मोजले तरी नाही.

बोली लावली. बंद पाकिटासारखी बोली असते, दुसऱ्याने किती लावली ते कळत नाही. आमची लागली. करारावर सह्या झाल्या की डच कायदा खरेदीदाराला तीन दिवस देतो, त्यातले किमान दोन कामाचे. त्या मुदतीत कुठलंही कारण न देता माघार घेता येते, दंड नाही, इसार बुडणं नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही. घरासारखी गोष्ट माणूस भरात येऊन घेतो हे ओळखून, त्याचा भर ओसरायला कायद्याने ठेवलेली ही जागा आहे, आणि मला ती फार शहाणपणाची वाटली.

ते दिवस मी बेमस्टरचा इतिहास वाचण्यात घालवले. ज्या जमिनीवर मुलगी वाढणार ती आली कुठून, हे मला सही पक्की होण्याआधी माहीत हवं होतं.

१६०७ च्या सुमाराला ॲमस्टरडॅमच्या काही बड्या व्यापाऱ्यांनी हे तळं कोरडं करायचं ठरवलं. तळ्याभोवती कालवा खणला, निघालेल्या मातीचा कालव्याच्या आत बांध घातला, आणि बांधावर पवनचक्क्या उभ्या केल्या. एका चक्कीला पाणी फार उंच उचलता येत नाही, म्हणून चक्क्या पायऱ्यांनी लावल्या. पहिली उचलून दुसरीच्या हौदात टाकणार, दुसरी तिसरीच्या, आणि शेवटची कालव्यात. चक्क्या बांधणाऱ्यांत यान आड्रियान्सझोन लेखवाटर होता, शेजारच्याच डे राइप गावचा, १५७५ चा जन्म. काम संपत आलं असताना १६१० च्या जानेवारीत वादळात झुइडरझे या समुद्राच्या आखाताच्या बाजूचा बांध फुटला आणि उपसलेलं तळं पुन्हा भरलं. माणसांनी बांध आणखी उंच केला आणि उपसा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. १६१२ च्या मे महिन्यात तळ दिसला. तोवर चक्क्या ४३ झाल्या होत्या. सात हजार हेक्टरच्या वर जमीन. ती त्यांनी काटकोनात आखली, साधारण नऊशे मीटर लांब आणि एकशे ऐंशी मीटर रुंद असे तुकडे पाडले, आणि पैसे घालणाऱ्यांत चिठ्ठ्या टाकून वाटले. तीच आखणी अजून जशीच्या तशी आहे. तिच्यासाठी १९९९ मध्ये युनेस्कोने बेमस्टरला जागतिक वारशात घेतलं. आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागलं की ती रेघ डोळ्यांना लागते. कुठे वाकणं नाही, वळसा नाही. नदी-ओढ्याच्या कलाने वसलेल्या गावातून आलेल्या माणसाला ती सरळ रेघ आधी परकी वाटते. नंतर कळतं की इथे कल द्यायला नदीच नव्हती. जमीनही माणसांनी केली आणि रस्ताही.

पैसे कुणी घातले ते वाचताना मात्र मी अडखळलो. प्रमुखांमध्ये डिर्क व्हान ओस होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या संचालकांपैकी एक. १६०२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या भागभांडवलाची नोंदणी झाली ती ॲमस्टरडॅममधल्या त्याच्याच घरी. पूर्वेच्या समुद्रातल्या व्यापाराने श्रीमंत झालेल्या शहराचा पैसा या तळात उतरला आहे. बेमस्टर कोरडं होऊन नऊ वर्षं झाली तेव्हा, १६२१ मध्ये, त्याच कंपनीने जायफळासाठी बांदा बेटांवर कत्तल केली. आणि १६३७ मध्ये ती आपल्या वेंगुर्ल्याला येऊन वखार घालून बसली. त्या डच वखारीच्या पडक्या भिंती मी कॉलेजच्या वयात पाहिल्या होत्या, पिंपळाची मुळं शिरलेल्या, जांभ्याच्या. तेव्हा वाटलं होतं, केवढ्या लांबून आली असतील ही माणसं. आता त्यांच्यातल्याच धनिकांनी उपसलेल्या जमिनीवर मी घर मांडणार होतो.

मला यातून सोपा निष्कर्ष काढता आला नाही आणि तो काढायचाही नाही. ज्यांनी पैसा घातला त्यांचं नाव इतिहासात आहे, पण गुडघाभर चिखलात कुदळी चालवणारी माणसं वेगळी होती, आणि त्यानंतर चारशे वर्षं रोज पाणी उपसणारी माणसं आणखी वेगळी. उपसा एकदा करून भागत नाही. पाऊस पडतो, बाहेरचं पाणी जमिनीतून झिरपत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पवनचक्क्यांची जागा वाफेच्या पंपांनी घेतली, मग आधुनिक पंप आले. पंप कायमचे बंद पडले तर बेमस्टर हळूहळू परत तळं होईल. ही जमीन एकाही पिढीला आयती मिळालेली नाही. या एका विचारापाशी माझं मन स्थिर झालं. मुदत संपली, आम्ही माघार घेतली नाही.

व्यवहाराचं उरलेलं काम सुरळीत झालं. मालमत्ता नावावर होते ती नोटारिससमोर. पैसे विकणाऱ्याच्या हाती थेट जात नाहीत, आधी नोटारिसच्या वेगळ्या खात्यात. जमिनीच्या सरकारी दप्तरात, कडास्टरमध्ये, मागचं काही ओझं नाही ना हे पाहून, खत नोंदवूनच ते पुढे सरकतात. राहण्यासाठी घेतलेल्या घरावर दोन टक्के हस्तांतर कर. डच नीट कळत नसेल तर दुभाषा लागतो, कारण ज्याला खत समजलं नाही त्याची सही नोटारिस घेत नाही. आमच्या खताच्या पहिल्याच पानावर त्या जागेचा गट क्रमांक होता. मी त्याचा फोटो आईला पाठवला. तिला त्यातलं अक्षर वाचता येणार नव्हतं. तिचा फोन आला, "नाव दोघांचं आहे ना?" आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग झालं."

गाव शांत आहे, हे खरंच. चर्चची घंटा, वारा, हिवाळ्यात हंसांचे थवे, पहाटे दूध न्यायला येणारा टँकर, एवढेच आवाज. रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या फाटकाशी लाकडी मांडणी असते, तिच्यावर अंडी, भोपळे, बटाटे, वसंतात ट्युलिपच्या जुड्या. माणूस कुणी नसतं, पैसे टाकायला डबा. ही शांतता पहिल्या महिन्यात मला जड गेली. आमच्याकडे शांत घर म्हणजे काहीतरी बिनसलेलं घर. इथे न सांगता कुणी दारात येत नाही, आणि आम्स्टेलवेनची मंडळी यायची म्हटलं तर दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. मुलगी संध्याकाळी खिडकीत बसून म्हणायची, "इथं कुणीच नाही." तिची समजूत घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गावाशी आमची ओळख झाली ती चारीमुळे.

परसाच्या टोकाची चारी म्हणजे शोभेचं पाणी, असा आमचा समज होता. बदकं येत, कमळासारखी पिवळी फुलं येत. सप्टेंबर सरताना इथल्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या पाणी मंडळाचं पत्र आलं. चारीतलं गवत आणि गाळ शरदात काढला गेला पाहिजे, त्यानंतर तपासणी होईल. ज्याची जमीन चारीला लागून आहे त्याने आपल्या काठापासून पाण्याच्या मध्यापर्यंतची जबाबदारी घ्यायची. चारीच्या पलीकडे कुरण आहे, एका निवृत्त दूधवाल्या शेतकऱ्याचं. पत्र घेऊन मी काठाशी उभा होतो तेव्हा तो पलीकडून म्हणाला, "शनिवारी काढू. तू तुझ्या बाजूने, मी माझ्या."

त्याने लांब दांड्याचं, दाते खाली वळलेलं दाताळं आणलं होतं, माझ्यासाठी एक जास्तीचं. काम असं करायचं: दाताळं पलीकडे फेकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि सावकाश ओढायचं. हिसका दिला तर वरचं हिरवं शेवाळ हाती येतं, खालच्या मुळ्या तशाच राहतात. ओढत गेलं की दांडा जड होतो, मग पाण्यातून काळपट, लोंबणारं गवताचं जाळं वर येतं, त्यातून पाणी निथळतं आणि तळाचा वास सगळ्या परसात भरतो. ते लगेच उचलायचं नाही, काठावरच ठेवायचं. का, म्हणून मी विचारलं. त्याने ढिगाशी बोट दाखवलं. गवत हलत होतं. गोगलगायी, पाण्यातले किडे, बोटाएवढा एक मासा, सगळे अंगाने घसरत पाण्याकडे निघाले होते. "दोन दिवस दे त्यांना," तो म्हणाला. "त्यांची ती त्यांची जातात."

दुपारी धाप टाकत बसलो तेव्हा त्याने पाण्याकडे बघायला सांगितलं. सकाळी साचलेलं दिसणारं पाणी आता सरकत होतं. एक पिवळं पान आमच्या समोरून निघालं आणि शेजारच्यांच्या काठाकडे गेलं. आमची चारी मोठ्या चारीला मिळते, ती त्याहून मोठ्या कालव्याला, तो पंपापाशी जातो, आणि पंप ते पाणी उचलून वरच्या रिंगकालव्यात टाकतो. मधे एकाने आपला तुकडा तुंबवला तर वरच्या सगळ्यांच्या शेतात पाणी उभं राहतं. माझ्या परसातला गाळ त्याच्या कुरणाचा प्रश्न होता, आणि त्याच्या काठचं गवत माझ्या घराखालच्या त्या ओलीच्या रेघेचा. खतावर माझा गट क्रमांक लिहिलेला आहे खरा, पण त्या दुपारी मला दिसलं की आम्ही विकत घेतला तो जमिनीचा तुकडा नव्हता, या पाण्याच्या कामातला एक वाटा होता. आणि तो वाटा मला हवासा वाटला.

तेव्हापासून त्याच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. त्याची नात आणि आमची मुलगी आता एकाच सायकलवर शाळेतून येतात.

पुढे कागदपत्रांत दोन गोष्टी वाचनात आल्या त्या इथे सांगितल्या पाहिजेत. समुद्राचा किंवा मोठ्या नदीचा मुख्य बांध फुटून पूर आला तर नेहमीचा घरविमा त्याची भरपाई देत नाही. आणि दरवर्षी पालिकेच्या करांशिवाय पाणी मंडळाचा वेगळा कर भरावा लागतो. या दोन्हींचा एकत्र विचार केल्यावर मला भीती वाटायच्या ऐवजी एक गोष्ट समजली. संकट आल्यावर पैसे वाटण्यापेक्षा ते येऊच नये म्हणून रोज थोडे पैसे आणि रोज थोडी मेहनत घालायची, असं या लोकांनी ठरवलेलं आहे. १९५३ च्या फेब्रुवारीत झीलंडकडचे बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. चारीपलीकडचे ते शेतकरी, आमचे शेजारचे आजोबा, तेव्हा लहान होते, त्यांच्या वडिलांनी मदतीला घोंगड्या पाठवल्या होत्या. ती रात्र त्यांच्या बोलण्यात अजून येते.

मे महिन्यात आई आली. पहिल्याच दिवशी तिला बांधावर नेलं. एका बाजूचं पाणी, दुसऱ्या बाजूचं खोल शिवार, हे ती बराच वेळ बघत राहिली. मग पदर खोचून बांधाच्या उताराने खाली उतरली, बटाट्याच्या वाफ्याच्या कडेची मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, थोडी ओली करून तिची गोळी केली. "गाळाचीच की रे जमीन," म्हणाली. "मामाच्या गाळपेरीसारखी." आणि पुढचा प्रश्न विचारला, जो मला इतक्या दिवसांत एकदाही सुचला नव्हता. "तळं उपसलं तेव्हा त्याच्यावर पोट असणारी माणसं असतील की. कोळी असतील. ती कुठं गेली?"

उत्तर मी शोधलं तेवढं असं की डे राइपसारखी काठावरची गावं मासेमारीची आणि दर्यावर्दींची होती, आणि तळं गेल्यावर तिथल्या कोळ्यांचं पाणी गेलं. काही लांबच्या समुद्रात हेरिंगच्या मागे जातच होते. बाकीच्यांचं काय झालं, हे आईला सांगता येईल इतकं मला मिळालेलं नाही. इतिहासात नावं आहेत ती भांडवल घालणाऱ्यांची आणि चक्क्या बांधणाऱ्यांची. आई चार आठवडे राहिली. शेजारच्या आजोबांशी तिचं भाषेवाचून छान जमलं. दोघं परसात बसून बटाट्याच्या रोपांकडे बोट दाखवून बोलत. जाताना तिने त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली.

या देशाचा नागरिक नसल्यामुळे मला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. पाणी मंडळाच्या निवडणुकीत आहे. इथे राहण्याचा रीतसर परवाना असला की पुरे. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची, आजच्या डच राज्यापेक्षा कितीतरी जुनी. देशभरात आता एकवीस उरली आहेत, आमचं हॉलंड्स नोर्डरक्वार्टिरचं. पुढची निवडणूक २०२७ च्या मार्चमध्ये. मत देणार हे मी ठरवलं आहे, कुणाला ते नाही. वाद पाण्याच्या पातळीचा आहे. शेतकऱ्यांना चारीतलं पाणी खाली हवं, म्हणजे वसंतात ट्रॅक्टर रुतत नाही. पक्ष्यांसाठी, आणि आजूबाजूच्या पीटच्या जमिनी खचू नयेत म्हणून झटणाऱ्यांना ते वर हवं. शेजारचे आजोबा पाणी खाली ठेवण्याच्या बाजूचे आहेत आणि त्यांची कारणं चोख आहेत. घर तपासणाऱ्या जाणकाराने दाखवलेली ती सरळ रेघ आणि शेजारच्या गावांमधले लाकडी खांब माझ्या डोळ्यांपुढे आहेत. दर शनिवारी चारीच्या काठावर आमची यावर चर्चा होते, आणि अजून दोघांपैकी कुणीही हटलेलं नाही.